डोनाल्ड जोन्स : संकरित मक्याचे बियाणे आवाक्यात आणणारे शास्त्रज्ञ

डोनाल्ड जोन्स यांचा जन्म 1890 मध्ये अमेरिकेतील कॅन्सस राज्यात झाला. कृषी शिक्षण घेऊन पुढे ते कनेक्टिकट राज्याच्या कृषी संशोधन केंद्रात मक्यावर काम करू लागले.

मक्याचे अनेक पिढ्या स्वपरागीकरण करून शुद्ध वाण तयार करायचे आणि असे दोन वाण संकरित केले, की पहिल्या पिढीत उत्पादन वाढते, हे जॉर्ज शल यांनी आधीच दाखवले होते. पण शुद्ध वाणाची झाडे खुजी आणि कणसे लहान असत. त्यांवर बियाणे थोडेच धरे, त्यामुळे ते महाग पडे.

जोन्स यांनी 1917 च्या सुमारास यावर दुहेरी संकराचा मार्ग काढला. चार शुद्ध वाणांपासून आधी दोन एकेरी संकर करायचे आणि मग त्या दोघांचा पुन्हा संकर करायचा. आता विक्रीचे बियाणे जोमदार झाडांवर धरू लागले आणि स्वस्त झाले. 1940 च्या दशकाच्या सुरुवातीस आयोवा राज्यातील जवळपास सगळा मका संकरित होता. भारतात 1961 मध्ये आलेले गंगा 1, गंगा 101, रणजित आणि डेक्कन हे संकरित वाणही याच पद्धतीचे होते.

बीजोत्पादनात मादी ओळींचे तुरे हाताने काढावे लागतात. ही मजुरी वाचवण्यासाठी जोन्स यांनी तुऱ्यात पराग न धरणारे, म्हणजे नरवंध्य, वाण वापरात आणले. त्यासाठी टेक्सासमध्ये सापडलेला नरवंध्य प्रकार सोयीचा ठरला आणि बियाणे कंपन्यांनी तोच सर्वत्र वापरला.

जोन्स 1963 मध्ये वारले. 1970 मध्ये अमेरिकेतील सुमारे 85 टक्के संकरित मक्यात हाच प्रकार होता. त्यावर करपा बुरशीची नवी जात तुटून पडली आणि देशाचे सुमारे 15 टक्के पीक गेले. हा प्रकार करप्याला बळी पडतो, हे फिलिपिन्समध्ये 1961 मध्येच नोंदवले गेले होते.

म्हणून वाण निवडताना उत्पादनाबरोबर करपा, खोडकुज यांना तो किती सहनशील आहे हेही विचारावे. सगळ्या शिवारात एकच वाण न लावता दोन-तीन वाण घ्यावेत. संकरित मक्याचे घरचे दाणे बियाणे म्हणून ठेवू नयेत. पुढच्या पिढीत जोम घटतो.