माहुलीवरचे शहाजीराजे

मी पडलो कॉन्व्हेंटवाला! शहाजीराजे म्हणजे शिवरायांचे वडील, एवढंच मला माहीत. हॉस्टेलवर माहुलीचा ट्रेक ठरवताना मात्र ते नीट भेटले. भिवंडीहून नाशिक हायवेने आसनगाव, पुढे माहुली गाव. शिडीच्या वाटेने चढायचं, भंडारगड गाठायचा आणि कल्याण दरवाज्याच्या कातळातून उतरून फेरी पूर्ण करायची, असा आमचा बेत होता.

शहाजीराजे वेरूळच्या मालोजी भोसल्यांचे चिरंजीव. १६२४ मध्ये भातवडीला ते निजामशाहीसाठी लढले. १६३३ मध्ये दौलताबाद पडलं, तेव्हा त्यांनी निजामाच्या घराण्यातला एक लहान मुलगा गादीवर बसवला आणि तीन वर्षं राज्य सांभाळलं. मग शहाजहान स्वतः दक्षिणेत उतरला, आदिलशहाही त्याला मिळाला. १६३६ मध्ये दोघांच्या फौजांनी माहुलीला वेढा घातला. शेवटी राजांनी तह केला. गड आणि छोटा निजाम, दोन्ही सोडावे लागले. ते आदिलशाहीत गेले, कर्नाटकात नाव कमावलं, बंगळूरला राहिले. १६५८ मध्ये लेकाने माहुली जिंकली, तेव्हा राजे हयात होते. १६६४ मध्ये होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून ते वारले.

आधी मला वाटलं, राजे हरले. आता वाटतं, कधी उतरायचं हे त्यांना कळत होतं.

आमच्यात दोघं नवखे, दोर लावता येणारा एकही नाही. लीडर मी. म्हणून कल्याण दरवाजा रद्द केला; चढायचं शिडीने, उतरायचंही शिडीनेच. रूममेट अजून रुसलाय. रुसू दे! माणसं धड राहिली तर गड कुठे पळून जातोय?