संत बहिणाबाई शिऊरकर : जीवन आणि चित्तसमाधानाचा शोध

मराठी संतांच्या अभंगवाणीत आत्मपर उद्गार विपुल आहेत. सलग आत्मचरित्र मात्र दुर्मीळ आहे. नामदेवांच्या नावावरील आत्मचरित्रपर अभंग आणि तुकोबांनी केलेली आपल्या पूर्वायुष्याची निवेदने सर्वपरिचित आहेत. तथापि मातापित्यांच्या वृत्तान्तापासून आरंभ करून विवाह, देशांतर, गुरुकृपा आणि गृहस्थाश्रमातील संघर्ष यांची क्रमवार मांडणी करण्याचा मान संत बहिणाबाई शिऊरकर (१६२८–१७००) यांच्याकडे जातो. ही मांडणी एका स्त्रीने, तीही सतराव्या शतकात केली, ही गोष्ट वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेच. परंतु या चरित्राचे खरे मर्म त्याहून निराळे आहे. ज्या घरात मारहाण झाली, त्याच घरात राहून चित्ताचे समाधान कसे मिळवावे, हा या आयुष्यापुढील प्रश्न होता.

बालपण आणि देशत्याग

वेरूळच्या परिसरातील देवगाव हे बहिणाबाईंचे जन्मगाव. पिता आऊजी कुलकर्णी व माता जानकी यांना दीर्घ प्रतीक्षेनंतर झालेले हे अपत्य. वयाच्या तिसऱ्या वर्षी त्यांचा विवाह शिऊर येथील गंगाधर पाठक यांच्याशी झाला. पाठक तीस वर्षांचे बिजवर होते. ते वेदविद्येत निपुण, कर्मनिष्ठ आणि स्वभावाने तापट होते. भाऊबंदकीच्या कलहामुळे बहिणाबाई सुमारे नऊ वर्षांच्या असताना मातापिता, पती आणि त्या अशा सर्वांना रातोरात देवगाव सोडावे लागले.

यानंतरची दोनतीन वर्षे भटकंतीत गेली. गोदावरीचा काठ, शिखर शिंगणापूर, पंढरपूर, रहिमतपूर असा हा मार्ग आहे. वाटेत कोरान्न मागून निर्वाह करावा लागला. कुलकर्ण्याच्या घरातील मुलीला भिक्षेच्या धान्यावर दिवस काढावे लागावेत, ही स्थिती लौकिकदृष्ट्या हीनतेची होती. परंतु संग्रह सुटल्यावर उरणाऱ्या जीवनाचा परिचय बहिणाबाईंना याच काळात झाला. पुढे ज्या साधेपणाचा त्यांनी स्वेच्छेने स्वीकार केला, तो प्रथम आपत्तीच्या रूपाने आला होता. बालवयातही खेळापेक्षा हरिकथा आणि पुराणश्रवण यांकडे त्यांचा ओढा होता. पंढरपूरच्या दर्शनाने या ओढ्याला निश्चित दिशा लाभली.

कोल्हापूर : वासरू आणि गुरुदर्शन

वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास हे कुटुंब कोल्हापुरास एका ब्राह्मणाच्या आश्रयाने स्थिरावले. तेथे त्यांना सवत्स गाय मिळाली. गाईचे वासरू बहिणाबाईंच्या मागे सतत असे. त्यांनी चारापाणी द्यावे तेव्हाच ते खाई, आणि कीर्तनालाही ते त्यांच्यासोबत जाई. जयरामस्वामींच्या कीर्तनात गर्दीमुळे वासराला बाहेर काढण्यात आले, तेव्हा ते हंबरू लागले. स्वामींनी त्याला आत आणविले आणि वासरू व मुलगी या दोघांच्याही मस्तकावर हात ठेवला. या घटनेचा गावात बभ्रा झाला. आपली पत्नी लोकांच्या चर्चेचा विषय व्हावी, हे पाठकांना असह्य झाले. त्यांनी तिला केस धरून ओढले, मारले आणि बांधून घातले. गाईने व वासराने चारापाणी सोडला आणि थोड्याच दिवसांत वासराने प्राण सोडला.

वासराच्या मृत्यूनंतर बहिणाबाई काही दिवस निश्चेष्ट पडून होत्या. जयरामस्वामींच्या कीर्तनात ऐकलेले तुकोबांचे अभंग त्यांच्या मनात घोळत होते. त्याच अवस्थेत तुकोबांनी स्वप्नात दर्शन देऊन मंत्रोपदेश केला, असे त्यांनी निवेदन केले आहे. तुकोबा त्या वेळी देहूस हयात होते; बहिणाबाईंनी त्यांना प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. स्वतः तुकोबांनाही बाबाजी चैतन्यांचा अनुग्रह स्वप्नातच झाला होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. वारकरी परंपरेत हा दृष्टान्त केवळ चमत्कार ठरत नाही. विधी, दक्षिणा, जात आणि लिंग यांची मध्यस्थी टाळून होणाऱ्या अनुग्रहाचे ते एक मान्य रूप आहे. वेदाधिकार नसलेल्या स्त्रीला हा मार्ग किती मोलाचा होता, हे वेगळे सांगावयास नको.

पतीचा विरोध आणि देहूचे वास्तव्य

वेदपाठी ब्राह्मणाच्या पत्नीने कुणबी वाण्याला गुरू मानावे, ही घटना पाठकांच्या प्रतिष्ठेवर आघात करणारी होती. त्यांनी गर्भवती पत्नीचा त्याग करून तीर्थाटनास जाण्याचे ठरविले. बहिणाबाईंचा पेच या ठिकाणी पराकोटीस पोचतो. त्यांच्या काळाच्या धर्मकल्पनेत पती हाच स्त्रीचा देव होता आणि त्यांच्या अंतःकरणाने तर विठ्ठल व तुकोबा यांना वरले होते. त्यांनी गुरूचा त्याग केला नाही आणि पतीचा अधिक्षेपही केला नाही. निघण्याच्या बेतात असतानाच पाठक दुखण्याने अंथरुणाला खिळले. बहिणाबाईंनी त्यांची अहोरात्र शुश्रूषा केली. दुखण्यात पाठकांना आपल्या तुकोबानिंदेचा पश्चात्ताप झाला आणि बरे झाल्यावर हे सारे कुटुंब देहूस गेले.

देहूतही स्वास्थ्य सहज लाभले नाही. तुकोबांचे विरोधक मंबाजी गोसावी यांनी या ब्राह्मण कुटुंबाला आपले शिष्यत्व पत्करण्याचा आग्रह केला; तो नाकारला गेल्यावर त्यांचा छळ आरंभिला. तरीही इंद्रायणीचे स्नान, तुकोबांचे कीर्तन, नामस्मरण आणि जे मिळेल त्यावर निर्वाह हा या कुटुंबाचा दिनक्रम राहिला. याच वास्तव्यात कन्या काशी जन्मली आणि बहिणाबाईंच्या कवित्वाला बहर आला. पुढे त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव विठोबा ठेवण्यात आले. तुकोबांचे निर्याण १६५० मध्ये झाले. त्यांच्या प्रत्यक्ष सहवासाचा काळ अल्प होता. त्या बळावर बहिणाबाईंनी पुढील अर्धशतक काढले.

समाधानाचे स्वरूप

बहिणाबाईंच्या अभंगांत पतिव्रताधर्माचे आग्रही प्रतिपादन आहे आणि स्त्रीदेहामुळे वाट्याला आलेल्या पराधीनतेबद्दलची तीव्र खंतही आहे. पहिल्या गटातील अभंगांच्या आधारे त्यांना परंपराशरण ठरविता येते, तर दुसऱ्या गटाच्या आधारे बंडखोर. दोन्ही निष्कर्ष एकांगी होत. त्यांनी प्रपंच आणि परमार्थ यांतील विरोध नाकारला नाही, तो भोगला. आणि देहाने गृहधर्म, चित्ताने हरिभक्ती अशी वाटणी करून तो सुसह्य केला. मुक्ताबाई अविवाहित होत्या आणि जनाबाई दासी होत्या. पती आणि मुले यांच्या गराड्यात राहून परमार्थ साधणाऱ्या स्त्रीचे विस्तृत निवेदन बहिणाबाईंच्याच रूपाने मराठीला लाभले.

हे समाधान म्हणजे निमूट सोशीकपणा नव्हे, याचा पुरावा त्यांनी केलेल्या वज्रसूचीच्या मराठी रूपांतरात मिळतो. अश्वघोषाच्या नावावर असलेल्या या संस्कृत प्रकरणात ब्राह्मणत्व कशाने सिद्ध होते, या प्रश्नाची चिकित्सा आहे. देह, जन्म, वर्ण यांपैकी कशानेही ते सिद्ध होत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. ज्या जातिश्रेष्ठत्वाच्या नावाने घरात वादळ उठले, त्याचाच आधार बहिणाबाईंनी विद्वत्तेच्या भूमीवर तपासला. पतीशी वाद न घालता त्यांनी ग्रंथाद्वारे उत्तर दिले.

उत्तरायुष्य त्यांनी शिऊर येथे व्यतीत केले. १७०० मध्ये अंतकाळ समीप आल्याचे जाणून त्यांनी परगावी गेलेल्या विठोबास बोलावून घेतले आणि आपल्या पूर्वजन्मांचा वृत्तान्त त्याला कथन केला. बारा जन्मांच्या साधनेनंतर आता पुनर्जन्म नाही, असा त्यांचा निश्चय होता. वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी शिऊर येथे आहे. जस्टिन ॲबट यांनी १९२९ मध्ये त्यांच्या अभंगांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्यावर मराठीबाहेरील अभ्यासकांचेही त्यांच्याकडे लक्ष वेधले गेले.

बहिणाबाईंच्या चरित्रात राजाश्रय नाही, मठस्थापना नाही, शिष्यांचा मोठा परिवारही नाही. आहे ते एक गाय, एक वासरू, उसना निवारा आणि एका संताच्या वचनावरील अढळ निष्ठा. एवढ्या अल्प सामग्रीवर त्यांनी चित्ताची जी स्थिरता मिळविली, ती दुःखाच्या अभावातून आलेली नसून दुःखाच्या यथार्थ निवेदनातून आलेली आहे. म्हणूनच त्यांच्या आत्मनिवेदनाचा विचार केवळ भक्तिकाव्य म्हणून न करता एका मराठी स्त्रीच्या आत्मशोधाचा दस्तऐवज म्हणूनही करणे अगत्याचे ठरते.