लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा, २० जून १८६९, मृत्यू : २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी यंत्रनिर्माते आणि उद्योजक होते. कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर यांपासून त्यांनी यंत्रनिर्मितीस प्रारंभ केला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी ही औद्योगिक वसाहत वसवली. त्यांनी उभारलेल्या उद्योगातून पुढे पंप, इंजिने आणि लेथ यांसारखी यंत्रे भारतात तयार होऊ लागली.

बालपण आणि शिक्षण

मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्मही गुर्लहोसूरचाच. एकाच लहानशा गावातून नाटकाचे व यंत्राचे असे दोन स्वतंत्र प्रवाह निघावेत, हा योग लक्षात राहण्यासारखा आहे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. मुलाला मात्र शालेय अभ्यासापेक्षा चित्रे काढण्यात आणि वस्तू उघडून त्यांची रचना पाहण्यात अधिक गोडी होती. वडिलांची नाराजी असूनही थोरले बंधू रामचंद्रपंत तथा रामूअण्णा यांच्या पाठबळावर ते १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे त्यांना काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नसल्याचे लक्षात आले आणि चित्रकार होण्याचा मार्ग बंद झाला. रंगांची गरज नसलेला एक चित्रप्रकार मात्र उरला होता, तो म्हणजे यंत्ररेखन. त्यात त्यांनी प्रावीण्य मिळवले आणि १८८७ साली सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत ते यंत्ररेखनाचे साहाय्यक शिक्षक झाले. शिकवण्याचा वेळ संपल्यावर ते संस्थेच्या कार्यशाळेत यंत्रे हाताळत. यंत्र आधी कागदावर उतरवायचे, त्याचा प्रत्येक भाग मापासह रेखायचा आणि मगच धातूला हात लावायचा, ही शिस्त त्यांच्या अंगी बाणली ती याच काळात.

बेळगाव

सायकली तेव्हा नवलाईच्या होत्या. लक्ष्मणराव मुंबईहून त्या पाठवीत आणि रामूअण्णा बेळगावला विकत व चालवायलाही शिकवीत. १८८८ सालच्या या दुकानापासून किर्लोस्कर बंधू या नावाची सुरुवात मानली जाते. संस्थेत बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावी आले. तेथील किर्लोस्कर रोड आजही त्या दिवसांची ओळख सांगतो.

त्यांनी प्रथम हाती घेतले ते कडबा कापण्याचे यंत्र. हे यंत्र दिसायला साधे असते. फिरत्या चाकावर बसवलेली पाती यंत्राच्या तोंडाशी पुढे सरकणारा कडबा कापतात. यातील खरी अडचण पात्यांच्या धारेची नसून सांगाड्याची असते. पाते आणि तोंडाची पट्टी यांतील फट सर्वत्र सारखी व अगदी बारीक राहावी लागते. सांगाडा जोराखाली थोडा जरी वाकला, तरी ती फट रुंदावते आणि ताट कापले न जाता दुमडून आत अडकते. त्यामुळे असे यंत्र बनवणाऱ्याला बिडाचे ओतकाम, आसांची सरळ रेषा आणि सांध्यांची घट्ट जुळणी यांत पारंगत व्हावेच लागते.

लोखंडी नांगराची कथा याहून अवघड ठरली. लोखंडाने जमीन बिघडते, तिच्यात विष भिनते, असा समज शेतकऱ्यांत रूढ होता. तयार झालेले पहिले नांगर सुमारे दोन वर्षे विकले गेले नाहीत. तो समज निव्वळ अडाणीपणाचा होता, असे म्हणून चालणार नाही. लाकडी नांगर गावचा सुतार दुरुस्त करी. लोखंडी नांगराचा फाळ मोडला तर पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याने कोणाकडे जावे, हा प्रश्न रास्त होता. फाळ पुरेसा कठीण नसेल तर झिजतो, फार कठीण केला तर दगडाला लागून तडकतो. लक्ष्मणरावांनी वापरणाऱ्यांच्या तक्रारी ऐकून फाळात सुधारणा केल्या आणि सुटे भाग मिळतील अशी व्यवस्था ठेवली. त्यानंतर नांगर खपू लागला.

धंदा मार्गी लागत असतानाच शहरविस्तारासाठी कारखान्याची जागा सोडण्याचा नगरपालिकेचा आदेश आला. ओतभट्टी, साचे, जड यंत्रे हे सारे हलवायचे होते आणि नवी जागा हाताशी नव्हती. त्यांच्या आयुष्यातील हा सर्वांत कठीण प्रसंग होय.

किर्लोस्करवाडी

औंध संस्थानचे अधिपती भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या वेळी मदतीचा हात दिला. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि कर्जाऊ रक्कम दिली. जमीन निवडुंगाने व्यापलेली, पाण्याची टंचाई असलेली आणि सापांनी भरलेली होती. तिच्या जमेच्या बाजूला एकच गोष्ट होती, रेल्वे. बिडाचा माल बैलगाडीने दूरवर नेणे परवडत नाही, हे लक्ष्मणराव जाणून होते. १० मार्च १९१० रोजी पंचवीसेक कामगार व त्यांची कुटुंबे यांच्यासह वसाहतीस आरंभ झाला.

इंग्लंड-अमेरिकेतील औद्योगिक वसाहतींविषयी त्यांनी वाचले होते. त्या धर्तीवर घरे, शाळा, पाणीपुरवठा यांची हळूहळू सोय झाली. वाडीत अस्पृश्यता पाळण्यास मज्जाव होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही तेथे काम मिळे आणि त्यांतील काहींवर पहाऱ्याची जबाबदारी सोपवलेली होती. पुतणे शंकरराव, अभियांत्रिकी कामे पाहणारे शंभोराव जांभेकर आणि हिशेब सांभाळणारे मंगेशराव रेगे हे त्यांचे प्रमुख सहकारी. पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणे थांबल्याने मागणी वाढली, पण लोखंड व कोळसा मिळेनासा झाला. तेव्हा लाकडी कोळशावर भट्टी चालवून काम चालू ठेवले गेले. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, हातपंप व पोलादी फर्निचर अशी उत्पादनांची यादी वाढत गेली.

लेथ

लेथ हे इतर यंत्रांचे भाग घडवणारे यंत्र असल्याने त्याला यंत्रांची जननी म्हणतात. लेथमध्ये जेवढी चूक असेल, तेवढी त्यावर कातलेल्या प्रत्येक भागात उतरते. म्हणून त्याच्या बेडला, म्हणजे ज्यावर सारे भाग बसतात व सरकतात त्या आधाराला, सर्वाधिक महत्त्व असते. बेड जड बिडाचा करतात, कारण बिडातील ग्रॅफाइट कंप शोषून घेते. ओतकामानंतर आत राहिलेला ताण निवावा म्हणून तो काही काळ तसाच ठेवण्याची जुनी पद्धत होती. त्यानंतर त्याच्या सरकपट्ट्या रंधून व खरवडून सपाट केल्या जात.

आज हौशी तंत्रज्ञ घरच्या घरी संगणकनियंत्रित राउटर बनवतात आणि त्यासाठी पोलादी चौकोनी नळ्यांची चौकट वेल्डिंगने जोडतात. जुन्नर-आंबेगाव भागात नारायणगाव किंवा मंचरसारख्या गावी शेतीची अवजारे जोडणाऱ्या कारागिरांनाही त्यातील मुख्य अडचण ठाऊक असते. वेल्डिंगच्या उष्णतेने नळी ओढली जाते आणि चौकट पिळते. म्हणून टाके समोरासमोर आलटून पालटून घालावे लागतात, आणि मार्गपट्ट्या बसण्याच्या जागा वेल्डिंग पूर्ण झाल्यावरच सपाट करून घ्याव्या लागतात. पोलाद ताठ असते, परंतु बिडाइतके कंप शोषत नाही. ती उणीव वजन वाढवून व आडवे-तिरके आधार देऊन भरून काढतात. साधने बदलली, तरी लक्ष्मणरावांपुढे कडबायंत्राच्या वेळी असलेला सांगाड्याचा प्रश्न तोच आहे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच किर्लोस्करवाडीत लेथ तयार होऊ लागले होते. १९४१ साली म्हैसूर संस्थानात तुंगभद्रेकाठी हरिहर येथे मैसूर किर्लोस्कर हा यंत्रसाधनांचा स्वतंत्र कारखाना निघाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत शिकून आलेले पुत्र शंतनुराव यांच्याकडे एव्हाना विस्ताराची सूत्रे आली होती. १९४६ मध्ये पुण्यात तेलइंजिनांचा आणि बंगळूरला विद्युतयंत्रांचा उद्योग सुरू झाला.

अखेरची वर्षे

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाल्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात उसळलेल्या ब्राह्मणविरोधी दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. जळालेला कारखाना पुन्हा उभा राहिला आणि त्यातून उत्पादन सुरू झालेले त्यांनी पाहिले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

जन्मशताब्दीनिमित्त २० जून १९६९ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. कुंडल रोड स्थानकाला आता किर्लोस्करवाडी हेच नाव आहे.