शास्त्र शिकविणारे, प्रश्न न अडविणारे गुरुजी

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आपटा, जिते, हमरापूर, पेण ही स्थानके एकामागून एक येतात. याच पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव, हे सर्वश्रुत आहे. परंतु विनोबांना ज्यांनी शास्त्रे शिकविली ते नारायणशास्त्री मराठे हेही याच जिल्ह्याचे, सुडकोली गावचे, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या या दोन सुपुत्रांची गाठ पडली ती मात्र घाटावर, कृष्णाकाठच्या वाईत, एका लहानशा पाठशाळेत.

नारायण सदाशिव मराठे यांचा जन्म १८७७ सालचा. विद्येच्या ओढीने ते तरुणपणीच वाईला आले आणि प्रज्ञानंद सरस्वती यांच्यापाशी त्यांनी वेदान्ताचे अध्ययन केले. पुढे गुरूंच्या नावाची खूण सांगणारा प्राज्ञमठ त्यांनी चालविला. १९१६ मध्ये त्यालाच प्राज्ञपाठशाळा हे नाव मिळाले.

तो काळ विद्येच्या दुभंगाचा होता. इंग्रजी शाळेतला मुलगा नोकरीच्या वाटेला लागे आणि आपल्या परंपरेला पारखा होई. वेदशाळेतला मुलगा ग्रंथ मुखोद्गत करी, पण भोवतीच्या जगात काय चालले आहे याची त्याला वार्ताही नसे. एकाला प्रश्न पडत, पण मूळ ग्रंथ वाचता येत नसत. दुसऱ्याला ग्रंथ येत, पण प्रश्न विचारण्याची मुभा नसे. ही दरी बुजविणे हेच नारायणशास्त्र्यांचे जीवितकार्य ठरले.

त्यासाठी त्यांनी अध्ययनात तसूभरही सवलत दिली नाही. व्याकरण, न्याय, मीमांसा, वेदान्त ही शास्त्रे मूळ ग्रंथांवरूनच शिकावयाची, हा त्यांचा दंडक होता. त्यातही मीमांसा हा त्यांचा खास विषय. या शास्त्रात प्रत्येक अधिकरणाची मांडणी ठरलेली असते. आधी विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष आणि त्यानंतर सिद्धान्त. प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्ण ताकदीनिशी मांडल्याशिवाय स्वतःचे मत सांगण्याचा अधिकारच मिळत नाही. ज्या विद्येला लोक घोकंपट्टी समजत होते, तिच्या गाभ्यात शंकेला असे मानाचे स्थान होते. नारायणशास्त्र्यांनी ते ओळखले आणि विद्यार्थ्यांच्या मनात रुजविले. आधुनिक विचार आणि इंग्रजी यांना पाठशाळेचे दार बंद नव्हते, ते या आत्मविश्वासामुळेच.

गांधीजींच्या आश्रमातून एक वर्षाची रजा घेऊन विनोबा १९१७ च्या सुमारास येथे आले. त्यांनी नारायणशास्त्र्यांपाशी उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रांवरील शांकरभाष्य यांचे अध्ययन केले. त्याच मुक्कामात त्यांनी वाईत विद्यार्थी मंडळ काढले. ग्रंथालयासाठी पैसे उभे करावेत म्हणून सुमारे पंधरा मुले लोकांचे धान्य जात्यावर दळून देत. त्या दळणाच्या पैशांच्या आधारे सुमारे चारशे पुस्तके जमली. भाष्य वाचणाऱ्या हातांनी जाते ओढावे, ही कर्मठ गावात लहान गोष्ट नव्हती.

याच पाठशाळेत खानदेशातील पिंपळनेरहून आलेला एक किशोरवयीन विद्यार्थी होता. विनोबांनी त्याला इंग्रजीचे धडे दिले. तोच पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी म्हणून महाराष्ट्राला ज्ञात झाला. लक्ष्मणशास्त्र्यांनी अस्पृश्यतेला शास्त्राधार नसल्याचे शास्त्राच्याच भाषेत मांडले. १९३३ मध्ये पुण्यात गांधीपुत्र देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांच्या आंतरजातीय विवाहाचे पौरोहित्य त्यांनीच केले. पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या प्रभावाने ते बुद्धिवादाकडे वळले आणि 'हिंदुधर्माची समीक्षा' हा ग्रंथ लिहून मोकळे झाले. धर्मशास्त्र शिकविणाऱ्या पाठशाळेचा पट्टशिष्य धर्माचाच कठोर परीक्षक व्हावा, यात कोणाला पाठशाळेचा पराभव दिसेल. वस्तुतः पूर्वपक्ष निर्भयपणे मांडण्याची जी सवय तेथे लागली होती, तिचेच ते फळ होते.

गुरुजी स्वतः मात्र आपल्या वाटेने चालत राहिले. १९३१ मध्ये त्यांनी संन्यास घेतला आणि ते केवलानंद सरस्वती झाले. संन्यासाने त्यांची लेखणी थांबली नाही. धर्मशास्त्रातील वचने विषयवार व कालक्रमाने एकत्र आणणाऱ्या 'धर्मकोशा'ची प्रेरणा त्यांचीच. लक्ष्मणशास्त्र्यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला भाग १९३७ मध्ये निघाला. केवलानंदांनी सिद्ध केलेला 'मीमांसाकोश' सात खंडांचा असून त्याचे अखेरचे खंड त्यांच्या पश्चात प्रकाशित झाले. धर्मशास्त्रातील वचने क्रमाने मांडली की आचार काळानुसार बदलत आले, हे वाचकाला आपोआप दिसते. त्यामुळे परिवर्तनाचा पक्ष घेणाऱ्यांना या कोशकार्याचा मोठा आधार झाला.

१९५५ मध्ये केवलानंदांचे निधन झाले. त्याच वर्षी लक्ष्मणशास्त्र्यांच्या 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे मराठी विश्वकोशाचे काम लक्ष्मणशास्त्र्यांनी वाईतूनच चालविले. शास्त्रांच्या अभ्यासासाठी निघालेल्या पाठशाळेच्या गावी रसायनशास्त्रापासून संगीतापर्यंतचे ज्ञान मराठीत आणण्याचा उद्योग सुरू झाला, हा योगायोग खचितच नव्हे.

आजच्या शहरी पालकापुढे निवड ठेवली जाते ती परंपरा की आधुनिकता अशी. नारायणशास्त्र्यांच्या पाठशाळेने ही निवडच खोटी ठरविली. ग्रंथ मुळातून शिकवावा, पुरता शिकवावा आणि मग शिष्याचा हात सोडावा, एवढेच त्यांनी केले. एक शिष्य भूदानाच्या पदयात्रेला निघाला, दुसरा बुद्धिवादाच्या मार्गाला लागला. गुरूच्या वाटेवर दोघेही राहिले नाहीत, आणि गुरूने दिलेली विद्या दोघांनीही टाकली नाही.