ढाक्याचे इंजिनिअर फझलूर रहमान खान



दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एकच चर्चा सुरू होते. मुलाला कॉलेजात घालावे की डिप्लोमाला? डिप्लोमाचे नाव निघताच काही वडीलधाऱ्यांचे तोंड उतरते. हातात मोजणीची टेप आणि पायाला चिखल, एवढेच त्यांना त्यात दिसते. अशा वेळी मला ढाक्यातील एका शाळेची आणि तेथून बाहेर पडलेल्या एका इंजिनिअरची आठवण होते. ती हकिकत आपणांस सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच.

ढाक्यात १८७६ साली सरकारने एक सर्व्हे स्कूल काढले. जमिनीची मोजणी करणारे सर्व्हेअर तयार करावेत, एवढाच त्याचा हेतू. या शाळेला इंजिनिअरिंग शाळेचे स्वरूप यावे म्हणून ढाक्याचे नवाब अहसानुल्ला यांनी देणगी कबूल केली. पण १९०१ साली ते निवर्तले. तेव्हा त्यांचे चिरंजीव नवाब सलीमुल्ला यांनी वडिलांचा शब्द खरा केला आणि १९०२ साली १ लाख १२ हजार रुपये दिले. त्या काळचे १ लाख १२ हजार, हे ध्यानात घ्या! १९०८ मध्ये शाळेला अहसानुल्लांचे नाव मिळाले आणि तेथे डिप्लोमाचे वर्ग सुरू झाले. १९४७ मध्ये ती कॉलेज झाली, १९६२ मध्ये विद्यापीठ. बांगलादेशातील इंजिनिअरिंगचे ते अग्रगण्य विद्यापीठ आज ज्या जागेवर उभे आहे, ती जागा त्या डिप्लोमा शाळेचीच होय.

फझलूर रहमान खान यांचा जन्म ३ एप्रिल १९२९ रोजी ढाक्यात झाला. वडील गणिताचे शिक्षक आणि पाठ्यपुस्तकांचे लेखक. पुढे ते शिक्षण खात्यात वरच्या हुद्द्यावर गेले. मुलगा कलकत्त्याजवळच्या शिबपूर येथील इंजिनिअरिंग कॉलेजात दाखल झाला. मध्येच देशाची फाळणी झाली, तरी शिक्षण चालू राहिले. परंतु १९५० साली, नेमका अंतिम वर्षाच्या परीक्षेच्या सुमारास, कलकत्त्यात दंगल उसळली आणि त्याला ढाक्यास परतावे लागले. अशा वर्षी किती मुलांची पुस्तके कायमची मिटली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. फझलूर यांच्यासाठी मात्र अहसानुल्ला कॉलेजचे दार उघडे होते. तेथे त्यांनी परीक्षा पुरी केली आणि पहिला क्रमांक मिळवला. गावात ते कॉलेज नसते तर? नवाबांनी दिलेल्या पैशांचे मोल मला येथे कळते.

काही काळ त्यांनी रस्ते खात्यात नोकरी केली आणि त्याच कॉलेजात शिकवले. १९५२ साली शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात गेले. तीन वर्षांत दोन मास्टर्स पदव्या आणि डॉक्टरेट! १९५५ मध्ये शिकागोच्या एका मोठ्या वास्तुशिल्प कंपनीत रुजू झाले. पुढे मायदेशी परतून कराचीच्या विकास प्राधिकरणात त्यांनी काम केले, परंतु तेथे कागदपत्रांच्या कारभारात डिझाइन दूरच राहिले. १९६० साली ते पुन्हा शिकागोस गेले. आपल्याकडचा हुशार माणूस बाहेर का जातो, याचे उत्तर नेहमीच पगारात सापडत नाही.

आता त्यांनी नेमके काय केले ते पाहा. उंच इमारतीला खरा धोका स्वतःच्या वजनाचा नसतो, वाऱ्याचा असतो. जुन्या पद्धतीत इमारतीच्या आत सर्वत्र खांबांचे जाळे असे. मजले वाढत तसे वारा पेलण्यासाठी लोखंड वाढत जाई आणि खर्च हाताबाहेर जाई. खान यांनी ते बळ बाहेरच्या भिंतीत आणले. आपल्या परसातला बांबू पाहा. आतून पोकळ, तरी वादळात वाकतो पण मोडत नाही. त्याच न्यायाने बाहेरच्या कडेने जवळजवळ खांब लावून ते तुळयांनी जोडायचे, म्हणजे सारी इमारत एकच पोकळ नळी होते. १९६९ साली पुऱ्या झालेल्या १०० मजली जॉन हँकॉक सेंटरच्या दर्शनी भिंतींवर त्यांनी प्रचंड तिरपे पोलाद बसवले. १९३१ सालच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला दर चौरस मीटरला सुमारे २०६ किलो पोलाद लागले होते. येथे सुमारे १४५ किलोत भागले.

इमारत हलली तर आतल्या माणसाला किती जाणवेल? याचे उत्तर पुस्तकात नव्हते. शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात धुलाई यंत्रांच्या प्रदर्शनासाठी एक फिरता मंच होता. खान यांनी त्यावर माणसे उभी केली, आडवी झोपवली आणि विचारून पाहिले. डॉक्टरेट झालेला माणूस असा प्रयोग करतो, हे मला फार मोलाचे वाटते.

त्यानंतर सिअर्स टॉवर. प्रत्येकी ७५ फूट बाजूच्या नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधलेल्या, काही ५० व्या मजल्यावर थांबलेल्या, काही ६६ व्या, काही ९०, आणि दोनच ११० पर्यंत गेलेल्या. १,४५० फूट उंचीचा हा मनोरा १९९८ पर्यंत जगात सर्वांत उंच होता. २००९ पासून त्याचे नाव विलिस टॉवर आहे.

मोठेपणी त्यांची ढाक्याची नाळ तुटली नाही. रवींद्रसंगीताची त्यांना आवड होती, आणि १९७१ मध्ये बांगलादेशातील निर्वासितांसाठी त्यांनी शिकागोत मदतसंस्था उभी केली.

आपल्या घरातील कोणी विमानाने हजला गेले असेल आणि जेद्दाला उतरले असेल, तर त्यांना तेथील पांढऱ्या तंबूंविषयी विचारा. १९८१ साली सुरू झालेल्या त्या हज टर्मिनलवर ४५ मीटर बाजूचे २१० कापडी तंबू पोलादी दोरांवर ताणलेले आहेत. कापड उन्हाचा बराच ताप परतवते, खालून वारा खेळतो, आणि लाखो हाजी सावलीत बसतात. त्याची स्ट्रक्चरल रचना खान यांचीच.

पुढच्याच वर्षी, २७ मार्च १९८२ रोजी, त्याच जेद्दा शहरात हृदयविकाराने त्यांचा इंतकाल झाला. वय अवघे ५२. दफन शिकागोत झाले. त्यांची कन्याही स्ट्रक्चरल इंजिनिअर झाली, आणि २००४ साली वडिलांच्या कार्यावरचे पुस्तक तिनेच लिहिले.