कष्टकऱ्यांच्या घरांची चित्रकर्ती : केटे कोलवित्झ

१८९८ साली बर्लिनच्या वार्षिक महाप्रदर्शनात एका फारशा परिचित नसलेल्या तरुणीची सहा मुद्राचित्रे मांडली गेली. सिलेशिया प्रांतातील विणकरांनी १८४४ साली केलेला उठाव हा त्यांचा विषय होता. पहिल्या चित्रात हातमागाने अर्धी व्यापलेली अंधारी खोली आहे आणि आजारी मुलाच्या अंथरुणाशी डोके धरून बसलेली आई आहे. शेवटच्या चित्रात तशाच एका खोलीत गोळीबारात पडलेल्यांची प्रेते मागाशेजारी आणून ठेवली जात आहेत. वयोवृद्ध चित्रकार आडोल्फ मेन्झेल यांनी या मालिकेस सुवर्णपदक द्यावे अशी शिफारस केली. सम्राट दुसऱ्या विल्हेल्मने ती फेटाळली. कलेने प्रजेचे मन उंचवावे, दैन्य आहे त्याहून भेसूर करून दाखवू नये, असे त्याचे मत होते. पुढच्याच वर्षी ड्रेस्डेनमध्ये याच मालिकेला सुवर्णपदक मिळाले.

हा गौरव पाहायला वडील मात्र राहिले नव्हते. कार्ल श्मिट हे कायदा शिकलेले गृहस्थ. पण आपल्या राजकीय मतांना प्रशियाच्या सरकारी सेवेत थारा मिळणार नाही हे ओळखून ते गवंडीकाम शिकले आणि पुढे बांधकाम व्यावसायिक झाले. मुलीच्या हातातील कला त्यांनी लवकर ओळखली. त्या काळी कला अकादमीची दारे मुलींना बंद होती, म्हणून त्यांनी तिला खासगी शिक्षकांकडे आणि मग बर्लिन व म्युनिकच्या स्त्रियांसाठी असलेल्या कलाशाळांत पाठवले. विणकरांची मालिका पूर्ण झाल्यावर केटे यांनी ती वडिलांच्या वाढदिवशी त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हा आनंदाने ते घरभर पत्नीला हाका मारीत फिरले. प्रदर्शनाआधीच त्यांचे निधन झाले आणि खचलेल्या केटे यांच्या वतीने एका मैत्रिणीने चित्रे पाठवली.

केटे यांचा जन्म ८ जुलै १८६७ रोजी पूर्व प्रशियातील क्योनिग्सबर्ग या बंदराच्या शहरात झाला. लहानपणी बहिणीसह त्या तासन्‌तास धक्क्यावर भटकत. धान्य घेऊन येणारे रशियन आणि लिथुआनियन मजूर, ओझ्याखाली वाकलेले हमाल, खलाशी, हे सारे त्यांनी तिथे पाहिले. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी फ्रायलिग्राथ या कवीच्या एका कवितेवरून चित्र काढले. विषय होता देश सोडून परदेशी निघालेल्या कुटुंबांचा. पुढे बर्लिनमध्ये त्यांचे गुरू कार्ल श्टाउफर-बर्न यांचे लक्ष याच चित्राने वेधून घेतले.

१८९१ साली त्यांचा विवाह डॉक्टर कार्ल कोलवित्झ यांच्याशी झाला. कामगारांच्या आजारविमा निधीचे ते डॉक्टर होते. बर्लिनच्या उत्तर भागातील प्रेन्झलाउअर बेर्ग या कामगार वस्तीत या दांपत्याने संसार थाटला आणि एकाच घरात जवळपास पन्नास वर्षे काढली. कामाच्या शोधात पूर्वेकडील खेड्यांतून बर्लिनला आलेली कितीतरी कुटुंबे अशा वस्त्यांच्या चाळींत कोंबलेली असत. दवाखान्यात आलेल्या स्त्रिया अनेकदा डॉक्टरांच्या पत्नीपाशी येऊन बसत आणि नवऱ्याची बेकारी, दारू, नको असलेले गरोदरपण, मुलाचा खोकला असे सारे सांगत.

केटे यांनी पुढे स्वतःविषयी एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवून ठेवली आहे. कामगारांकडे त्या आरंभी वळल्या त्या दयेपोटी नव्हे. त्यांच्या हालचालीतील मोकळेपणा आणि भारदस्तपणा त्यांना सुंदर वाटला म्हणून. दुःखाची जाण नंतर, या दवाखान्यातून आली. त्यांच्या चित्रांतील बाया कधी केविलवाण्या वाटत नाहीत, त्याचे कारण या क्रमात असावे. दयेने सुरुवात करणारा चित्रकार सहसा दयेपाशीच थांबतो.

१९०६ साली घरबसल्या मजुरी करणाऱ्यांविषयीच्या प्रदर्शनासाठी त्यांनी भित्तिपत्रक केले. त्यावरील थकलेल्या स्त्रीचा चेहरा सम्राज्ञीला इतका खटकला, की तो झाकल्याशिवाय प्रदर्शनाला येण्यास तिने नकार दिला. बारा रुपड्यांचे नव्हे, एका चेहऱ्याचे हे भय होते!

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले. धाकटा मुलगा पेटर अठरा वर्षांचा होता आणि स्वयंसेवक म्हणून जाण्यासाठी त्याला वडिलांची संमती हवी होती. डॉक्टर तयार नव्हते. केटे यांनी मुलाची बाजू घेऊन त्यांचे मन वळवले. ऑक्टोबरमध्ये पेटर बेल्जियममध्ये मारला गेला. ती संमती केटे यांना जन्मभर टोचत राहिली.

अशा मनःस्थितीत एप्रिल १९१७ मध्ये, त्यांच्या पन्नाशीनिमित्त, पाउल कासिरर यांच्या बर्लिनमधील प्रतिष्ठित दालनात त्यांच्या रेखाचित्रांचे व मुद्राचित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. बाहेर शहर उपाशी होते. लोकांनी नुकताच सलगमावर हिवाळा काढला होता, आणि त्याच महिन्यात पावाचा शिधा घटल्याने बर्लिनमधील लाखाहून अधिक कामगारांनी संप केला. मृत मुलाला कवटाळलेली आई, भाकरीसाठी पदराला लोंबकळणारी पोरे, दाराशी उभा असलेला मृत्यू, हे विषय त्या वीस वर्षे रेखाटत आल्या होत्या. आता भिंतीवरचे घर आणि पाहणाऱ्याचे घर यांत अंतर उरले नव्हते. मृत मुलाला कवटाळणाऱ्या आईचे १९०३ मधील चित्र तर त्यांनी लहानग्या पेटरला मांडीवर घेऊन, आरशात पाहून काढले होते.

पुढच्या वर्षी कवी रिचर्ड डेमेल यांनी उरलेल्या तरुणांनीही लढावे असे आवाहन केले, तेव्हा केटे यांनी वृत्तपत्रातून त्यांना जाहीर विरोध केला. १९१९ साली प्रशियाच्या कला अकादमीने त्यांना सदस्यत्व आणि प्राध्यापकपद दिले. त्यानंतर युद्धावरील लाकडी ठशांची मालिका आली. तिच्यात रणांगण जवळजवळ नाहीच, आहेत ते आईबाप, विधवा आणि मुले.

१९३३ मध्ये हिटलरविरोधी पक्षांनी एकत्र यावे अशा आवाहनावर सही केल्याबद्दल त्यांना अकादमी सोडावी लागली. हळूहळू त्यांची चित्रे प्रदर्शनांतून हटवली गेली. त्याआधी, १९३२ साली, पेटर जिथे पुरला होता त्या बेल्जियममधील दफनभूमीत त्यांनी घडवलेली दोन पाषाणशिल्पे उभी राहिली होती: गुडघे टेकलेले आई आणि बाप, एकमेकांपासून दूर. सतरा-अठरा वर्षे त्या या कामाशी झुंजत होत्या. बापाच्या चेहऱ्यात डॉक्टर कोलवित्झ ओळखू येतात, आईच्या चेहऱ्यात स्वतः केटे.

१९४० साली डॉक्टर गेले. १९४२ साली पेटरचेच नाव दिलेला नातू रशियाच्या आघाडीवर पडला. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात प्रेन्झलाउअर बेर्गचे घर आणि त्यातील बरेचसे काम जळाले; केटे त्यापूर्वीच शहराबाहेर पडल्या होत्या. ड्रेस्डेनजवळच्या मोरित्झबर्ग येथे २२ एप्रिल १९४५ रोजी त्यांचे निधन झाले. युद्ध संपायला तेव्हा जेमतेम दोन आठवडे उरले होते.