जनाबाई : देह, लज्जा आणि विठाबाई

परभणी जिल्ह्यातील गोदाकाठच्या गंगाखेड येथे शूद्र कुटुंबात जन्मलेली जनाबाई परंपरेनुसार बालपणीच पंढरपुरास, नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी दासी म्हणून आली. दळण-कांडण, शेणी वेचणे हेच तिचे जगणे. तिचा समाधिकाल इ. स. १३५० मानला जातो. तिच्या नावावरील अभंगांत विठ्ठल तिच्यासंगे दळतो, तिची वेणी घालतो. ती त्याला विठाबाई म्हणते. देवाचे पुरुषपण येथे विरघळते. स्त्रीजन्माचा विषाद ती नाकारते. डोईचा पदर ढळलेल्या स्थितीत भर बाजारात जाण्याची, स्वतःस वेश्या म्हणवून घेण्याची धिटाई दाखवते. या अभंगांची पाठचिकित्सा आवश्यकच आहे. तथापि केवळ भोळी भक्ती म्हणून ते वाचल्यास स्त्रीदेहावरील सामाजिक नियंत्रणास तिने दिलेला नकार दृष्टीआड होतो.